कंपनीचे टायर आणि इस्लापूरचा गारा

बैल घ्यायला गेलेला माणूस आधी बैलाचे दात बघतो. विकणारा कितीही गोड बोलो, शिंगांना कितीही हिंगूळ लावलेला असो, घेणाऱ्याचा हात पहिल्यांदा जातो तो जबड्यात. आमच्या इस्लापुरात नवी गाडी आली की हाच हात टायरावर जातो. बॉनेट उघडून आत बघणारे थोडे, कारण आत नेमकं काय बघायचं असतं हे कुणालाच माहीत नसतं आणि न कळता मान हलवण्याची पाळी येते. टायरचं तसं नाही. टायर सगळ्यांसाठी खुला असतो. त्याला लाथ मारून बघायला लायसन लागत नाही.

गेल्या वर्षी मृगाच्या तोंडावर आमच्या दाजींनी नवी पिकअप घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही. एक तर दाजींचे बरेच हप्ते अजून बाकी आहेत, आणि पुढं जे घडलं त्यात दोष कंपनीचा, दाजींचा की मातीचा, यावर गावात अजून एकमत नाही. ताईनं गाडीला ओवाळलं, नारळ फोडला, चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. दाजींनी गाडी पुढं घेतली आणि चारही लिंबं एका दमात सपाट झाली. टायरांनी त्या दिवशी जी पकड दाखवली ती पुढं त्यांना पुन्हा काही दाखवता आली नाही.

गाडी चहाच्या हॉटेलासमोर उभी राहिली तेव्हा समिती बसलेलीच होती. आमच्याकडं समिती नेमावी लागत नाही. ती सकाळपासून बसलेली असते, फक्त विषय यायचा बाकी असतो. समितीत आयुष्यभर एसटी चालवून रिटायर झालेले एक काका आहेत. ‘रिटायर’ या शब्दातच टायर असल्यामुळं असेल, पण काकांना टायरविषयी विशेष माया. त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, मागच्या चाकापाशी उकिडवे बसले, नक्षीच्या खाचेत नख घालून बघितलं आणि म्हणाले,

“दाजी, हे डांबरीचे टायर हैत.”

“मग गाडी काय पाण्यावर चालवायची का?” दाजी म्हणाले.

“तसं नाही. पण तुमचं वावर कुठं डांबरीवर हाय?”

यावर दाजी गप्प झाले आणि त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला. गाडी घेतलेल्या माणसाला पहिले आठ दिवस प्रत्येक प्रश्नाचं उत्तर चहानं द्यावं लागतं.

मग ट्रॅक्टरवाले बापू उठले. “ही काय नक्षी म्हणायची? ह्या तर वहीतल्या रेघा. आमच्या ट्रॅक्टरचं मागचं टायर बघा, एकेक दात दोन बोटं उंच. गाडी घेताना दात बघायचे असतात, दाजी.”

तिसरं मत आमच्या भाच्याचं. तो बारावीला आहे, म्हणजे मोबाइलवर असतो. त्यानं मान वर न करता निकाल दिला. “हे एचटी हाय. तुमाला ए-टी पायजे होतं. एम-टी असतं तर विषयच कट.”

कोपऱ्यात बसलेल्या आजोबांना कमी ऐकू येतं. ते म्हणाले, “एसटी? एसटीचं नाव काढू नका. हात केला तर थांबत नाही ती. ती पिकअपला कामून पायजे?”

भाच्यानं मग आजोबांना, आणि आजोबांच्या निमित्तानं आम्हा सगळ्यांनाच, समजावून सांगितलं. एचटी म्हणजे हायवेचा टायर. त्याच्यावर उभ्या सरळ रेघा, खाचा उथळ, आवाज कमी. एमटी म्हणजे चिखलाचा टायर. त्याच्यावर मोठमोठे ठोकळे आणि दोन ठोकळ्यांमध्ये रुंद मोकळी जागा, चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जावा म्हणून. ए-टी या दोघांच्या मधला. थोडा डांबरी, थोडा रानटी, म्हणजे शहरात नोकरी करून सणाला गावी येणाऱ्या माणसासारखा.

भाच्याचं हे ज्ञान बघून मला टायर वाचायची गोडी लागली. टायरच्या कडेला इतकं लिहिलेलं असतं हे मला पन्नाशीपर्यंत माहीत नव्हतं. समजा, २१५/७५ आर १५ असं लिहिलंय. तर टायर २१५ मिलिमीटर रुंद, त्याच्या बगलेची उंची रुंदीच्या ७५ टक्के, ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे रिम किती इंची ते. छोटा हाथी म्हणून आपण जिला ओळखतो ती टाटांची एस २००५ मध्ये आली. तिच्या टायरवर १४५ आर १२ असं असायचं. हाथी म्हणायचं आणि पायात बारा इंची रिम, तरी ती बिचारी गावोगाव कांदे, सोयाबीन आणि लग्नाची वऱ्हाडं वाहत राहिली. आणखी एक चार आकडी नंबर असतो. २२२५ लिहिलं असेल तर तो टायर २०२५ सालच्या २२ व्या आठवड्यात जन्मलेला. माझ्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. टायरची जन्मतारीख मात्र आठवड्यापर्यंत अचूक. त्यामुळं टायरची पत्रिका माझ्या पत्रिकेपेक्षा जास्त भरवशाची आहे.

आता कंपनी नव्या गाडीला असले गुळगुळीत टायर का देते? समितीचं मत असं की कंपनी पैसे खाते. मला ते पटत नाही. कंपनी पैसे खात असेल, पण ते इथं नव्हे.

नवरदेवाला लग्नात सासरकडून बूट मिळतात. ते घालून तो नांगर हाणायला गेला आणि बूट फाटले, तर त्याला सासरा काय करणार? बूट दिले ते मांडवापुरते. कंपनीचंही तसंच आहे. तिला माहीत आहे की पिकअप दिवसभर धावणार ती बहुतेक डांबरावर. भाजी मार्केट, दूध डेअरी, कापसाचं जिनिंग, सिमेंटचं दुकान. तिथं टायरकडून काय पाहिजे? भार पेलला पाहिजे, ओल्या डांबरावर ब्रेक लागला पाहिजे, तापला नाही पाहिजे, लवकर झिजला नाही पाहिजे आणि सगळ्यात महत्त्वाचं, ॲव्हरेज मिळालं पाहिजे. आपल्याकडं गाडी घेताना पहिला प्रश्न ‘देते किती?’ हाच असतो. चिखलात चालते का, हा प्रश्न शोरूममध्ये कुणी विचारल्याचं मी ऐकलं नाही. टायरला जितके मोठे दात तितकं लोळायला जड, आणि लोळायला जड म्हणजे डिझेल जास्त. म्हणून कंपनी सरळ रेघांचा टायर देते. आपण जे विचारलं त्याचंच उत्तर ती देते.

फसवाफसवी असलीच तर ती जाहिरातीत असते. जाहिरातीतली पिकअप डोंगर चढते, नदी उतरते, चिखल कारंज्यासारखा उडवते. त्या चिखलात सोयाबीनचं एकही धसकट नसतं, त्या नदीला गाळ नसतो, आणि गाडीच्या मागं वीस पोती खत घातलेलं तर मी कधीच बघितलं नाही. शहरातली हौशी माणसं पैसे भरून ऑफ-रोडिंगला जातात. गाडी मुद्दाम चिखलात घालतात, अडकली की फोटो काढतात, निघाली की टाळ्या वाजवतात. आमच्याकडं ऑफ-रोड हा छंद नाही, पत्ता आहे. शहरातला माणूस रस्ता सोडून जातो, इथं रस्ताच माणसाला अर्ध्यात सोडून जातो. २०२१ मध्ये सरकारनं मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, तेव्हा निदान एवढं तरी कागदावर आलं की वावरात जायलाही रस्ता लागतो.

आणि कंपनी-फिटिंगचं म्हणाल तर आम्हा इस्लापूरकरांना त्याचं काही विशेष वाटायला नको. आम्हाला राज्यसुद्धा कंपनी-फिटिंगचं टिकलं नाही. निजामाच्या हैदराबादेत आम्ही आदिलाबाद जिल्ह्यात, बोथ तालुक्यात होतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल नावानिशी लिहिलेलं आहे. किनवट आणि राजुरा हे तालुके आणि आमचं सर्कल आदिलाबादेतून काढून १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्याला बसवलं. १९६० मध्ये त्याचा महाराष्ट्र झाला. म्हणजे चार वर्षांत दोनदा फिटिंग बदललं. गाव मात्र होतं तिथंच राहिलं, अन्‌ वावरात जाणारी पांदणही.

ही पांदण समजून घ्यायला आमची जमीन समजून घ्यावी लागेल. किनवटकडं डोंगर, जंगल आणि मुरूम. पैनगंगेकाठी काळीभोर जमीन. जवळच सहस्रकुंडाला पैनगंगा खडकावरून खाली कोसळते, ते बघायला श्रावणात माणसांची झुंबड उडते. आमच्या आताच्या जिल्ह्यातला जास्तीचा पाऊस याच किनवट-माहूरच्या पट्ट्यात पडतो. म्हणजे धबधबा बघणाऱ्यांची मजा आणि पांदणीनं जाणाऱ्यांची सजा ही एकाच ढगातून येते.

मुरमाचं भांडण सरळ असतं. मुरूम टायरला टोचतो, दगड बगल फाडतो, पण चाकाला टेकू देतो. काळी माती तशी नाही. ती कुणाला टोचत नाही, कुणाला फाडत नाही, फक्त सोडत नाही. काळ्या दगडाची हजारो वर्षं झीज होऊन झालेली ही माती. तिच्यातले चिकणकण पाणी पितात आणि फुगतात, उन्हाळ्यात आटले की जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला ही माती सोन्यासारखी, कारण पाणी धरून ठेवते. पण ती फक्त पाणीच धरून ठेवत नाही, जे हाताला लागेल ते धरून ठेवते.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दाजींना खताची पोती वावरात न्यायची होती. रात्री पाऊस झाला होता, सकाळी ऊन पडलं होतं. सकाळच्या उन्हानं आमच्या भागात जितकी माणसं फसवली तितकी कुठल्या चिट फंडानंही फसवली नसतील. मी शेजारी बसलो. पांदणीचा पहिला तुकडा मुरमाचा. गाडी अशी गेली की दाजींनी गाणं लावलं. “बघितलं? म्हणे डांबरीचे टायर! लोकांना दुसऱ्याची गाडी बघवत नाही.”

मग मुरूम संपला.

जे घडलं ते मी खाली उतरून, अगदी जवळून बघितलं, म्हणून सांगतो. चाकाचा पहिला फेरा झाला तेव्हा टायरच्या रेघा भरल्या. दुसऱ्या फेऱ्यात रेघा दिसेनाशा झाल्या. तिसऱ्या फेऱ्यात टायरही दिसेनासा झाला. त्याच्या जागी काळ्या मातीचं एक गुळगुळीत, चकचकीत चाक फिरत होतं, नुकत्याच लिंपलेल्या चुलीसारखं. मातीवर माती घसरत होती. त्या चाकाखाली कंपनीचा टायर होता, ए-टी होता की ट्रॅक्टरचा, हे सांगायला आता नख घालणारे काका हवे होते, आणि त्यांचंही नख रिकामं परत आलं नसतं.

दाजींनी जोरात ॲक्सिलरेटर दिला. मागचं डावं चाक गरगरा फिरायला लागलं. उजवं चाक शांत उभं. दाजी म्हणाले, “एकच चाक कामून फिरतं?” त्याचं कारण मला आमच्या भाच्यानं नंतर सांगितलं. मागच्या आसात डिफरन्शियल नावाचं यंत्र असतं. वळणावर आतलं आणि बाहेरचं चाक वेगवेगळ्या गतीनं फिरावं म्हणून ते लागतंच. पण त्याचा एक स्वभाव आहे. ज्या चाकाला काहीच अडत नाही, जे नुसतं हवेत घसरतंय, त्यालाच ते सगळी गती देऊन टाकतं. जे चाक जमीन धरून उभं आहे, त्याला काही मिळत नाही. मी सोसायटीच्या राजकारणात दहा वर्षं काढली असल्यामुळं हे यंत्र मला लगेच समजलं.

दुसरी गोष्ट, पिकअपचं सगळं जड सामान पुढं असतं आणि ओढणारी चाकं बहुधा मागं. हौदा रिकामा असला की मागची चाकं जमिनीवर टेकलेली नसतात, नुसती ठेवलेली असतात. पोती तर आम्ही गाडी हलकी करायची म्हणून उतरवून बांधावर मांडली होती! तेवढ्यात आजूबाजूच्या वावरातली माणसं जमली. एक म्हणाला, “मागं वजन पायजे.” म्हणून आठजण हौद्यात चढले. गाडी हलली नाही. दुसरा म्हणाला, “ढकलायला पायजे.” म्हणून आठहीजण उतरले आणि ढकलायला लागले. वजन असताना ढकलणारा नाही, ढकलताना वजन नाही. हा खेळ तासभर चालला. शेवटी चौघं वर, चौघं खाली अशी तडजोड झाली, तेव्हा गाडी पुढं न जाता सरळ खाली गेली.

मग उपाय सुरू झाले. चाकाखाली पऱ्हाट्या घातल्या, त्या चाकानं मागं उभ्या असलेल्या माणसांच्या अंगावर फेकल्या. बारदाना घातला, तो गुंडाळून घेतला. टायरला जुना कासरा गुंडाळला, त्यानं दोन फेरे धीर दिला आणि तुटला. बापूंचा ट्रॅक्टर आला. त्याच्या मागच्या टायरांत बापूंनी वजनासाठी पाणीही भरलेलं होतं. दोर बांधला, ट्रॅक्टरनं जोर लावला आणि ट्रॅक्टरचे ते दोन बोटं उंच दातही हळूहळू काळ्या मातीनं भरले. बापू खाली उतरले, आपल्याच टायरकडं बघत राहिले आणि म्हणाले, “आता आणखी ओढलं तर दोन गाड्या काढाव्या लागतील. राहू द्या. वापसा येऊ द्या.”

वापसा. आम्हाला सगळ्यांना माहीत असलेला शब्द, आणि सकाळपासून एकालाही आठवला नव्हता.

ज्यांच्या वावरात कधी पाय गेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाऊस पडल्यावर जमीन फार ओली असते, तेव्हा तिच्यात काही करू नये. पार सुकली की ती दगड होते, तेव्हाही काही करता येत नाही. या दोन्हींच्या मधे एक वेळ येते, जमिनीत ओल असते आणि हवाही असते. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि छातीच्या उंचीवरून सोडावा. गोळा पडून फुटला तर वापसा आला. नुसता चपटा होऊन बसला तर घरी जाऊन झोपावं. पेरणी, कोळपणी, सगळं या एका गोळ्यावर ठरतं. पेरणी चुकीच्या वेळी झाली तर हंगाम जातो, म्हणून शेतकरी हा गोळा विसरत नाही. पण त्याच शेतकऱ्यानं हातात स्टिअरिंग धरलं की त्याला वाटतं, वापसा बैलांना लागतो, डिझेलला लागत नाही.

गाडी चार दिवस तिथंच राहिली. पोती दाजींनी डोक्यावरून नेली. रात्री दाजी राखणीला गाडीतच झोपायचे, ताई डबा पाठवायची आणि डब्याबरोबर दोन शब्दही. पोरं येऊन हॉर्न वाजवून जात. एका शेळीनं हौद्यात बैठक मारली होती. चौथ्या दिवशी दाजींनी गोळा करून छातीवरून सोडला, तो फुटला. चाकांसमोरची माती फावड्यानं उकरली, टायरच्या रेघा पाचरीनं साफ केल्या, दुसरा गिअर टाकला आणि हलक्या पायानं क्लच सोडला. गाडी बाहेर आली. त्याच पांदणीतून, त्याच कंपनीच्या, त्याच डांबरीच्या टायरांवर. समितीतलं कुणी हजर नव्हतं. गाडी अडकते तेव्हा गाव जमतं, निघते तेव्हा एक शेळी असते.

तरी दाजींच्या डोक्यातून ए-टी जाईना. आम्ही पंक्चरवाल्या चाचांकडं गेलो. चाचांचं दुकान म्हणजे एक कॉम्प्रेसर, एक पाण्याची टाकी, दोन टॉम्या आणि टायरच्या उतरंडीवर ठेवलेला चहा. चाचांनी सगळी कहाणी ऐकली आणि म्हणाले, “टायर में कुछ नै रहता मियाँ. जो रहता सो हवा में रहता.”

आणि त्यात तथ्य आहे. हवा थोडी कमी केली की टायर जमिनीवर पसरून टेकतो, जास्त जागा धरतो, रेतीत आणि हलक्या चिखलात त्याचा उपयोग होतो. पण परत डांबरीवर आल्यावर हवा भरलीच पाहिजे. कमी हवेत भरलेली गाडी पळवली तर टायरची बगल तापते आणि फुटते. शिवाय वावरात हवा काढायला दोन मिनिटं लागतात, भरायला चाचा लागतात आणि चाचा वावरात येत नाहीत.

ए-टी टायरचंही चाचांनी स्पष्ट सांगितलं. मुरूम, खडी, घाट, जंगलातली वाट, तिथं तो कंपनीच्या टायरपेक्षा नक्की बरा. त्याची बगल दगडाला जास्त दाद देत नाही. पण डिझेल थोडं जास्त जाईल, डांबरीवर घुमल्यासारखा आवाज येईल, आणि हौसेनं मोठ्या मापाचा बसवला तर मीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवेल. काळ्या मातीत? चाचा हसले आणि पाण्याच्या टाकीत ट्यूब बुडवून बुडबुडे शोधायला लागले.

हवेचा टायर प्रचारात आला तोच मुळात खडबडीत वाटेसाठी, हे मला तिथंच आठवलं. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप नावाच्या माणसानं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेचा टायर बसवला, कारण पोराला धक्के बसत होते. हा डनलॉप धंद्यानं गुरांचा डॉक्टर होता. गुरांच्या डॉक्टरला चिखलातून कुठं कुठं जावं लागतं हे ज्यांच्या घरी म्हैस आहे त्यांनाच कळेल. आमच्या स्टेपनीची कथाही अशीच. १९०४ च्या सुमारास वेल्समधल्या लानेल्ली गावी, स्टेपनी नावाच्या रस्त्यावर जादा चाक करून विकणारा कारखाना निघाला. इंग्रज तो शब्द जवळपास विसरले, आपण अजून रोज म्हणतो. दुसऱ्यानं टाकलेलं जपून वापरायचं हा आपला गुणच आहे.

आणि त्या आधी? त्या आधी आमच्या बैलगाडीला लाकडी चाक होतं. त्याला आरे होते आणि त्यावर लोखंडी धाव. लोहार ती धाव लालभडक तापवून चाकावर चढवायचा आणि वर पाणी ओतायचा, की ती आवळून बसायची. ते चाक अरुंद असायचं. चिखलात रुतायचं, पण रुतत रुतत खालच्या घट्ट थरापर्यंत पोचायचं आणि तिथं टेकायचं. त्यावर नक्षी नव्हती, दात नव्हते. पण ते चाक करणारा सुतार आणि लोहार त्याच गावचे होते आणि त्यांना त्याच पांदणीनं घरी जायचं होतं. कंपनी-फिटिंग टायरमध्ये कमी पडतं ते एवढंच. तो करणाऱ्याला आपल्या पांदणीनं घरी जायचं नसतं.

पण म्हणून कंपनीचा टायर रानात चालतच नाही असं नाही. उलट, माझ्या मते तो रानातच जास्त चालतो, फक्त गाडीवरून उतरल्यावर. कायद्यानं पिकअपच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद. आमच्याकडं त्याला ‘अजून एक सीझन निघंल’ म्हणतात. तो सीझन निघाला की टायरचं खरं आयुष्य सुरू होतं. तो वादळात पत्रे उडू नयेत म्हणून छपरावर बसतो. पोरं त्याला काठीनं हाणत गावभर पळवतात. तो कापून त्याची घमेली होतात, लिंबाला टांगला की झोका होतो. आणि सगळ्यात शेवटी त्याची चप्पल होते.

मी वावरात जाताना टायरची चप्पल घालतो. माझं दाजींना, समितीला आणि नवी पिकअप घेणाऱ्या सगळ्यांनाच एवढंच सांगणं आहे. कंपनीचे टायर झिजेपर्यंत वापरा, पैसे दिलेत त्यांचे. वाट मुरमाची, दगडाची असेल तर पुढच्या वेळी ए-टी घ्या. आणि काळ्या रानात गाडी घालायच्या आधी खाली उतरून वीस पावलं चाला. चप्पल पायाबरोबर परत आली तर गाडी खुशाल न्या. चप्पल मागंच राहिली, तर टायर कुठल्याही कंपनीचा असो, किल्ली खिशात ठेवा आणि वापसा येऊ द्या.